आकाशातून आलेला ‘अननोन नंबर’: गॅमा किरणांचे अनोळखी स्रोत इन्फ्रारेडने कसे ओळखतात?

समजा, नांदुऱ्यातून कुणीतरी अनोळखी नंबरवरून फसवणुकीचे कॉल करतंय. पोलिसांना मोबाईल टॉवरचं लोकेशन मिळतं. टॉवर सांगतो, फोन रेल्वे स्टेशनच्या आसपास आहे. पण स्टेशनच्या आसपास तर शेकडो फोन चालू असतात. चहाची टपरी, रिक्षा स्टँड, दुकानं, घरं, शिवाय गाडीची वाट बघणारे प्रवासी. भाग कळला, माणूस कळला नाही. मग त्या गर्दीतून तो एक कसा काढायचा?

खगोलशास्त्रज्ञ कित्येक दशकांपासून अगदी याच प्रश्नाशी झटतायत. फरक इतकाच की त्यांच्याकडे येणारा ‘कॉल’ गॅमा किरणांचा असतो आणि तो कोट्यवधी प्रकाशवर्षं लांबून आलेला असू शकतो. फर्मी नावाचा नासाचा उपग्रह हे कॉल टिपतो. कॉल कुठल्या भागातून आला हे तो सांगतो, पण कुणी केला हे बऱ्याचदा सांगू शकत नाही. त्यासाठी दुसऱ्याच प्रकारच्या दुर्बिणीची मदत लागते आणि त्यात मोठा वाटा आहे इन्फ्रारेडचा.

सध्या हा विषय महत्त्वाचा का झालाय? कारण या शोधात सर्वात जास्त कामाला आलेला इन्फ्रारेड उपग्रह, वाइज, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद झाला आणि नोव्हेंबर २०२४ च्या सुरुवातीला पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळून गेला. मार्च २०२५ मध्ये स्फिअरएक्स नावाचा नवा इन्फ्रारेड उपग्रह वर गेला. पण नवा आला म्हणून जुन्याची जागा पूर्ण भरली का? याचं उत्तर सरळ ‘हो’ नाही. ते का, हे समजायला आधी मूळ गोष्ट समजून घेऊ.

ठिपके किती आणि अनोळखी किती?

फर्मी ११ जून २००८ ला अवकाशात गेला. त्याची मुख्य दुर्बीण दर तीन तासांनी जवळपास अख्खं आकाश पाहून घेते. या निरीक्षणांतून शास्त्रज्ञ वेळोवेळी यादी काढतात: आकाशात कुठे-कुठे गॅमा किरणांचे ठिपके दिसतात, त्यांची जागा काय, तेज किती.

पहिल्या आठ वर्षांच्या निरीक्षणांवरून जी चौथी यादी निघाली, तिच्यात ५,०६४ ठिपके होते. त्यातल्या १,३३६ ठिपक्यांच्या जागी दुसऱ्या कुठल्याच प्रकाशात पटण्यासारखी वस्तू सापडली नाही. म्हणजे चारातला एक ठिपका बेनाव. त्यानंतर यादी वाढत गेली. १४ वर्षांच्या निरीक्षणांपर्यंत ठिपके सात हजारांच्या वर गेले. नवे ठिपके जास्त फिकट असतात आणि फिकट ठिपका ओळखायला जास्त अवघड, त्यामुळे बेनाव ठिपक्यांचं प्रमाण आता साधारण एक तृतीयांश आहे.

आता जरा बारकाईने बघा, कारण बातम्यांमध्ये हा भाग नेहमी गाळला जातो. त्या ५,०६४ पैकी पक्की ओळख पटलेले ठिपके फक्त ३५८ होते. पक्की ओळख म्हणजे काय? गॅमा किरणांत जी धडधड किंवा चढ-उतार दिसतो, तोच दुसऱ्या प्रकाशातही दिसला किंवा ठिपक्याचा आकारच जुळला. उरलेल्या ३,३७० ठिपक्यांना नाव आहे, पण ते ‘त्या जागी अशी-अशी वस्तू आहे, बहुतेक तीच असावी’ या हिशोबाने दिलेलं.

फोनच्या भाषेत सांगायचं तर, कॉलर आयडीच्या ॲपवर नाव झळकणं वेगळं आणि त्या माणसाचं ओळखपत्र तपासणं वेगळं. ॲपवर ‘सुरेश प्लंबर’ आलं, म्हणून फोनवर सुरेशच आहे असं नाही. बहुतेक वेळा असतो. पण नेहमीच असतो असं नाही.

पत्ता इतका ढोबळ का?

साधी दुर्बीण प्रकाश आरशाने किंवा भिंगाने एका बिंदूत गोळा करते. गॅमा किरणांवर ही युक्ती चालत नाही. त्यांची ऊर्जा इतकी जास्त असते की ते साध्या आरशावरून परावर्तित व्हायच्या ऐवजी आरपार निघून जातात.

म्हणून फर्मीच्या दुर्बिणीत आरसा नाहीच. तिच्यात टंगस्टनचे पातळ पत्रे आणि त्यांच्यामध्ये सिलिकॉनच्या पट्ट्या आहेत. गॅमा किरण टंगस्टनवर आदळला की त्याचं रूपांतर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या जोडीत होतं. हे दोन कण ज्या वाटेने जातात तिची नोंद सिलिकॉनच्या पट्ट्या करतात. त्या वाटेवरून मागे हिशोब करायचा आणि किरण कुठून आला ते ठरवायचं. कमी ऊर्जेच्या एका किरणात ही चूक काही अंशांची असते. पूर्ण चंद्र आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणजे एका किरणावरून काढलेला पत्ता कित्येक चंद्रांएवढा पसरलेला. असे पुष्कळ किरण जमवले की पत्ता सुधारतो. तरी फिकट ठिपक्याच्या बाबतीत साधारण ०.१ अंश त्रिज्येचं एक वर्तुळ उरतंच: ‘स्रोत बहुधा याच्या आत कुठेतरी आहे.’

नांदुऱ्याच्या मूर्तीने मोजून पाहू

०.१ अंश म्हणजे किती, हे आकड्यात कळत नाही. नांदुऱ्याच्या महामार्गावरची १०५ फुटी हनुमान मूर्ती मलकापूर-खामगाव रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते. १०५ फूट म्हणजे ३२ मीटर. तुम्ही गावाबाहेर सुमारे ९ किलोमीटर लांब एखाद्या शेतात उभे राहिलात आणि मध्ये झाडं-घरं आडवी आली नाहीत, तर मूर्ती तुम्हाला ०.२ अंश उंच दिसेल. फर्मीच्या वर्तुळाचा व्यास एवढाच. म्हणजे फर्मी सांगतो: ‘९ किलोमीटरवरून मूर्ती जेवढी दिसते, तेवढ्या गोलात कुठेतरी.’

त्या गोलात असतं किती? वाइज उपग्रहाच्या यादीत सुमारे ७५ कोटी वस्तू आहेत. अख्खं आकाश ४१,२५३ चौरस अंशांचं. भागाकार केला तर एका चौरस अंशात सरासरी १८ हजार वस्तू येतात आणि आपल्या छोट्या वर्तुळात साधारण साडेपाचशे. एका ‘कॉल’साठी साडेपाचशे संशयित!

आता वाइजची नजर बघा. त्याला सहा विकला इतक्या जवळच्या दोन वस्तू वेगळ्या दिसतात. त्याच शेतातून, ९ किलोमीटरवरून, मूर्तीवरच्या एकमेकांपासून फूटभरसुद्धा लांब नसलेल्या दोन खुणा वेगळ्या ओळखण्यासारखं हे झालं. फर्मीला अख्खी मूर्ती हा एकच डाग, वाइजला तिच्यावरचा दागिना न् दागिना वेगळा.

पण नजर तीक्ष्ण असणं एवढंच पुरत नाही. साडेपाचशे ठिपके स्वच्छ दिसले तरी त्यातला गॅमा किरणं पाठवणारा कोणता?

इन्फ्रारेडच का?

आधी एक छोटा प्रयोग. टीव्हीचा रिमोट घ्या, फोनचा सेल्फी कॅमेरा चालू करा, रिमोटचा पुढचा दिवा कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा. बऱ्याच फोनवर तो दिवा जांभळट-पांढरा चमकताना दिसेल. डोळ्यांनी मात्र काहीच दिसत नाही. तो आहे इन्फ्रारेड, मराठीत अवरक्त प्रकाश. रिमोटच्या प्रकाशाची तरंगलांबी जेमतेम एक मायक्रॉन असते. वाइज पाहायचा त्याहून बरीच लांब लहर: ३.४, ४.६, १२ आणि २२ मायक्रॉन. ही फोनला दिसत नाही.

ही लहर जमिनीवरून पाहणं कठीण असतं, कारण गरम वस्तू स्वतःच या प्रकाशात चमकतात. मे महिन्यात नांदुऱ्यात दुपारी हवा, भिंत, रस्ता, तुमचा हात, सगळंच १० मायक्रॉनच्या आसपास उजळलेलं असतं. तिथे आकाश बघणं म्हणजे पेटत्या शेगडीच्या आत बसून काजवा शोधणं. म्हणून वाइजची ४० सेंटिमीटरची दुर्बीण डिसेंबर २००९ मध्ये अवकाशात पाठवली आणि घन हायड्रोजनने अतिशय थंड ठेवली.

आता मुख्य मुद्दा. गॅमा किरणं देणाऱ्या ठिपक्यांत सर्वात मोठी टोळी आहे ब्लेझारांची. चौथ्या यादीत ३,१३० हून जास्त ब्लेझार होते. ब्लेझार म्हणजे लांबच्या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेलं अवाढव्य कृष्णविवर. ते आजूबाजूचा वायू गिळतं आणि त्यातला काही भाग प्रकाशाच्या जवळपास वेगाने दोन झोतांत बाहेर फेकला जातो. असे झोत पुष्कळ दीर्घिकांत असतात. त्यातला एक नेमका आपल्या दिशेने रोखलेला असेल, तर त्या वस्तूला ब्लेझार म्हणतात.

या झोतातले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेतात आणि रेडिओपासून इन्फ्रारेडपर्यंत, कधी त्याही पुढे, प्रकाश सोडतात. तेच इलेक्ट्रॉन साध्या प्रकाशकणांना धडक देऊन त्यांची ऊर्जा इतकी वाढवतात की ते गॅमा किरण होतात. एकाच भट्टीतून दोन्ही प्रकाश निघतात. म्हणूनच इन्फ्रारेडमध्ये पाहून गॅमाबद्दल बोलता येतं. हा निव्वळ जागेचा योगायोग नाही, त्याच्या मागे कारण आहे.

रंगावरून ओळख

इन्फ्रारेडला ‘रंग’ कसला? इथे रंग म्हणजे दोन लहरींमधल्या तेजाचा फरक. ३.४ मायक्रॉनला किती उजळ आणि ४.६ ला किती, हा एक रंग. ४.६ आणि १२ चा फरक हा दुसरा. १२ आणि २२ चा तिसरा.

साध्या ताऱ्याचं तेज लांब लहरींकडे भराभर उतरत जातं. जिथे खूप नवे तारे जन्मतायत अशा दीर्घिकेत कोमट धूळ असते, ती १२ आणि २२ मायक्रॉनला उठून दिसते. ब्लेझारचं तसं नाही. गिरक्या घेणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाश सगळ्या लहरींत एका सरळ उताराने पसरलेला असतो. त्यामुळे आलेखावर एका अक्षावर एक रंग आणि दुसऱ्यावर दुसरा रंग मांडला, की तारे एका कोपऱ्यात जमतात, धुळीच्या दीर्घिका दुसरीकडे आणि ब्लेझार एका अरुंद पट्टीत रांगेने बसतात.

फ्रान्चेस्को मास्सारो, राफाएले दाब्रुस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११-१२ मध्ये ही पट्टी दाखवून दिली. मग त्यांनी उलटा प्रश्न विचारला: फर्मीच्या बेनाव वर्तुळांत या पट्टीत बसणारी वस्तू आहे का? २०१२ मध्ये त्यांनी अशी ३१३ वर्तुळं तपासली. १५६ मध्ये किमान एक तरी ब्लेझारसारखी वस्तू सापडली. जवळपास निम्मी!

विचार करा, नवी दुर्बीण नाही, नवा उपग्रह नाही. दोन उपग्रहांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवल्या आणि योग्य प्रश्न विचारला.

चुकून जुळलं तर?

इथे थांबून एक शंका घ्यायलाच हवी. साडेपाचशे वस्तूंच्या गर्दीत एखादी निव्वळ नशिबाने पट्टीत बसली असेल तर?

ढोबळ हिशोब आपणच करू. याच गटाने २०१९ मध्ये रेडिओतही उजळ असणाऱ्या आणि रंगाने ब्लेझारसारख्या दिसणाऱ्या ९,५४१ वस्तूंची यादी काढली. अख्ख्या आकाशात ९,५४१ म्हणजे चार चौरस अंशांत एखादीच. आपल्या छोट्या वर्तुळात अशी वस्तू निव्वळ योगायोगाने पडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी. म्हणजे वर्तुळात अशी वस्तू दिसली, तर ती गॅमा किरणांशी संबंधित असण्याची शक्यता चांगलीच.

पण थांबा. बेनाव वर्तुळं १,३३६ आहेत. शंभरात एकाहून कमी असली तरी इतक्या वर्तुळांत मिळून नऊ-दहा ठिकाणी खोटा योगायोग निघणारच. आणि ती नऊ-दहा कोणती, हे रंगावरून कधीच कळणार नाही.

म्हणून शास्त्रज्ञ अशा वस्तूला ‘कॅन्डिडेट’ म्हणतात, उमेदवार. उमेदवार म्हणजे निवडून आलेला नव्हे, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. मतमोजणी बाकी असते. इथली मतमोजणी म्हणजे वर्णपट. मोठ्या दुर्बिणीने त्या वस्तूचा प्रकाश उलगडून पाहायचा. ताऱ्याच्या वर्णपटात ठरावीक गडद रेषा असतात. ब्लेझारांच्या एका मोठ्या प्रकारात वर्णपट जवळजवळ सपाट असतो, रेषा दिसल्या तर अगदी पुसट. पुढच्या वर्षांत अमेरिका, चिली, मेक्सिको आणि स्पेनच्या बेटांवरच्या दुर्बिणींनी असे कितीतरी उमेदवार एकेक करून तपासले. बहुतेक ब्लेझारच निघाले. पण ‘बहुतेक’ हा शब्द तपासणीनंतर आला, आधी नाही.

ब्लेझार नसेल तर? इथे आपली खोडदची दुर्बीण

बेनाव ठिपक्यांत आणखी एक जमात लपलेली असते: पल्सार. मोठा तारा संपल्यावर उरलेला, एखाद्या शहराएवढा पण सूर्याहून जड असा गोळा, जो भयंकर वेगाने फिरतो. दर फेरीला त्याचा झोत आपल्यावरून जातो आणि धडधड दिसते. पल्सार इन्फ्रारेडमध्ये सहसा इतका फिकट असतो की वाइजला दिसतच नाही. म्हणजे रंगाची युक्ती इथे संपते. इथे कामाला येतो रेडिओ.

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडद इथे जीएमआरटी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही रेडिओ दुर्बीण फर्मीच्या बेनाव वर्तुळांकडे वळवली गेली. भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांना अशाच एका वर्तुळात २.१६ मिलिसेकंदांत एक फेरी मारणारा पल्सार सापडला. म्हणजे सेकंदाला ४६० हून जास्त फेऱ्या. २०१३ मध्ये तो जाहीर झाला, नाव पीएसआर जे१५४४+४९३७. त्याच्याभोवती एक हलका जोडीदार २.९ तासांत फिरतो आणि पल्सार त्या जोडीदाराला हळूहळू भाजून संपवतोय. अशा जोडीला ‘ब्लॅक विडो’ म्हणतात, जोडीदाराला खाणाऱ्या कोळिणीवरून. पल्सारची फेरी कळल्यावर तीच धडधड फर्मीच्या गॅमा किरणांतही शोधता आली. ही झाली पक्की ओळख.

जीएमआरटीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास ९० टक्के आकाशाचा नकाशाही केलाय. त्यात सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोत आहेत. पल्सार कमी फ्रिक्वेन्सीला जास्त उजळ असतात, म्हणून या नकाशावर फर्मीची वर्तुळं ठेवून पल्सारचे उमेदवार निवडण्याचं कामही झालं.

आणि तिसरी आघाडी भारताचीच. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने लडाखमध्ये हानले इथे मेस नावाची २१ मीटर व्यासाची गॅमा दुर्बीण उभारली, ४ ऑक्टोबर २०२४ ला तिचं उद्घाटन झालं. गॅमा किरण वातावरणात शिरल्यावर निळसर प्रकाशाची क्षणिक चमक होते, ती ही दुर्बीण टिपते.

घाई केली की काय होतं?

ओळख पटायला वेळ लागतो, याचं सर्वात गाजलेलं उदाहरण जेमिंगा. १९७० च्या दशकात नासाच्या सास-२ उपग्रहाला हा तेजस्वी गॅमा ठिपका दिसला. त्या जागी काहीच सापडेना. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याला जे नाव दिलं, त्याचा मिलानच्या बोलीत अर्थ होतो ‘ते तिथे नाहीच’! अखेर १९९२ मध्ये क्ष-किरणांत त्याची ०.२३७ सेकंदांची धडधड मिळाली आणि तो पल्सार ठरला. सुमारे २० वर्षं.

याहून जवळचं उदाहरण आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे, लोणार. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने लोणारच्या गोल सरोवराची नोंद केली. भोवती सगळा बेसाल्ट, ज्वालामुखीचाच खडक, त्यामुळे हे ज्वालामुखीचं विवर असा समज बराच काळ होता. नुसत्या गोल आकारावरून दोन्ही शक्यता राहत होत्या. उल्कापाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारी मॅस्केलिनाइट नावाची काच तिथल्या खडकात मिळाली, १९७३ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला आणि प्रश्न मिटला. १५० वर्षं लोणारचं विवरसुद्धा ‘उमेदवार’च होतं. आकार ही एक खूण, काच ही दुसरी. दुसरी खूण पहिलीपेक्षा वेगळ्या वाटेने आली, म्हणून तिला वजन.

आकाशातही हेच. गॅमा किरण एक खूण देतात, इन्फ्रारेड रंग दुसरी, रेडिओ तिसरी, वर्णपट चौथी. चार साक्षीदार एकमेकांना न विचारता तीच गोष्ट सांगतात, तेव्हा ओळख पटते. एकाच साक्षीवर ‘रहस्य उलगडलं’ म्हणणारा व्हिडिओ दिसला, तर समजा की तो उमेदवाराचीच विजयी मिरवणूक काढतोय.

बेनाव ठिपका म्हणजे एलियन, हे तर नाहीच. त्यातले काही कृष्णद्रव्याचे, म्हणजे डार्क मॅटरचे गोळे असू शकतील अशी शक्यता काही शास्त्रज्ञ गंभीरपणे तपासतात. पण आजवर एकही ठिपका तसा सिद्ध झालेला नाही. आणि तसा एखादा असलाच, तर तो ओळखण्यासाठी आधी ब्लेझार आणि पल्सार वेगळे काढायलाच हवेत. गर्दी कमी केल्याशिवाय वेगळा माणूस दिसत नाही. इन्फ्रारेडच्या या चाळणीची खरी किंमत इथे आहे.

वाइज गेला, आता पुढे?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. वाइजला थंड ठेवणारा हायड्रोजन २०१० मध्येच संपला. त्यानंतर १२ आणि २२ मायक्रॉनचे डोळे मिटले. २०१३ पासून पुन्हा चालू झालेला हा उपग्रह ३.४ आणि ४.६ मायक्रॉन या दोनच लहरींत पाहत राहिला, तोही २०२४ पर्यंत. म्हणजे ब्लेझारची पट्टी काढायला लागणारे चारही रंग पूर्ण आकाशाचे मिळाले ते फक्त २०१० चे.

ब्लेझार तर सतत बदलणारे. आज उजळ, सहा महिन्यांनी फिकट. २०१० च्या फोटोवरून आजचा माणूस ओळखायचा, असा प्रकार.

स्फिअरएक्स ही अडचण काही प्रमाणात सोडवतो. तो ०.७५ ते ५ मायक्रॉनमध्ये चारऐवजी १०२ रंगांत अख्खं आकाश पाहतो आणि दर सहा महिन्यांनी पूर्ण फेरी होते. म्हणजे चार रंगांच्या जागी ढोबळ वर्णपटच हातात येतो. ताऱ्याला ब्लेझारपासून वेगळं काढायला ही मोठी मदत. पण ५ मायक्रॉनच्या पुढे तो पाहत नाही. जेम्स वेब दुर्बीण पाहते, पण तिला एका वेळी आकाशाचा अगदी छोटा तुकडा दिसतो, अख्खं आकाश ती झाडून काढू शकत नाही. निओ सर्व्हेयर नावाचा पुढचा उपग्रह १० मायक्रॉनपर्यंत पाहील, त्याचं उड्डाण २०२७ च्या आधी अपेक्षित नाही आणि त्याचं मुख्य काम लघुग्रह शोधणं आहे. म्हणजे १२ आणि २२ मायक्रॉनच्या कामासाठी बरीच वर्षं जुन्याच नोंदींवर भागवावं लागणार.

थोडक्यात, यापुढे एका रंगपट्टीवर कमी आणि अनेक याद्या जुळवण्यावर जास्त भर राहील. स्फिअरएक्सचे १०२ रंग, वाइजच्या जुन्या नोंदी, जीएमआरटीचा रेडिओ नकाशा, मेसची निरीक्षणं. आणि अशा जुळवणीला डोंगरावरची दुर्बीण लागत नाही, इंटरनेट लागतं.

फोनवर करून बघा

फोनच्या ब्राउझरमध्ये अलादीन लाइट शोधा. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या खगोल माहिती केंद्राचं हे मोफत साधन आहे, ॲप टाकायची गरज नाही.

१. सर्च बॉक्समध्ये इंग्रजीत ३सी २७९ हे नाव टाका. हा एक तेजस्वी ब्लेझार. त्याचा प्रकाश सुमारे ५०० कोटी वर्षांपूर्वी निघालेला आहे.

२. सर्व्हेच्या यादीतून फर्मी निवडा आणि झूम कमी करा. एक मोठा धूसर डाग दिसेल.

३. आता सर्व्हे बदलून ऑल-वाइज करा आणि झूम वाढवत जा. त्या एका डागाच्या जागी कितीतरी ठिपके दिसू लागतील. मधला एक ३सी २७९.

हे दोन फोटो आलटून-पालटून पाहिले की हा अख्खा लेख एका मिनिटात डोळ्यांपुढे येतो. आणखी पुढे जायचं असेल, तर जीएमआरटीच्या प्रतिमा पाहून वेगळ्या दीर्घिका शोधायला शिकवणारा रॅड-ॲट-होम हा भारतीय उपक्रम आहे, त्यात विज्ञानाची आवड असलेले विद्यार्थी घरबसल्या भाग घेतात. फर्मी, वाइज आणि स्फिअरएक्स या तिघांचीही निरीक्षणं सगळ्यांसाठी खुली आहेत. नांदुऱ्यातल्या बीएस्सीच्या मुलीला जी यादी मिळते, तीच इटलीतल्या प्राध्यापकाला मिळते.

काम मात्र संयमाचं आहे. वर्तुळात एखादा छान ठिपका सापडला, रंगही जुळला, म्हणून लगेच स्टेटस टाकायचं नाही. तो अजून उमेदवार आहे. दुसरी खूण शोधा, मग तिसरी. फर्मीच्या यादीत दोन हजारांहून जास्त ‘अननोन नंबर’ आजही उत्तराची वाट बघतायत.